कातळावर एक, पाठमोरा

१

कॉर्नवॉलच्या उत्तर किनाऱ्यावर पेनगार्थ नावाचं एक टोक आहे, आणि त्या टोकावर टेहळणीची खोली. तीन बाजूंना काचा, चौथ्या बाजूला दार, मधोमध तिपाईवर दुर्बीण. एक रेडिओ, एक रॉकेलचा स्टोव्ह आणि एक वही. सरकारनं ही खोली बंद केली तेव्हा गावानंच ती चालवायला घेतली, त्याला आता सोळा वर्षं झाली होती. तीन पाळ्या, एका पाळीला एक माणूस. सकाळी बँकेतून निवृत्त झालेले हिलरी ब्रे, दुपारी लव्हडे ट्रेम्बाथबाई, आणि चार वाजल्यापासून अंधार पडेपर्यंत क्लेम नॅन्किव्हेल. अंधार पडला की कुलूप.

नियम एकच होता आणि तो बाईंनी घातला होता. वहीत नुसतं 'दिसलं' लिहायचं नाही. कसं दिसू लागलं ते लिहायचं.

बाईंनी गावच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे ही खोड जायची नव्हती. दिसू लागण्यासाठी त्यांच्या भाषेत शब्दांना तोटा नाही. धुक्यातून एखादा आकार थोराड होत अंगावर येतो, त्याला 'लूम'. पाण्याखालून, अंधारातून, आतून बाहेर निघतो, त्याला 'इमर्ज'. क्षितिजाखालून आधी डोलकाठी, मग शीड, मग सगळं जहाज उगवतं त्याला वेगळा शब्द, टोकाआडून नाक काढतं त्याला वेगळा, आणि आगापिछा नसताना टपकतं त्याला आणखी वेगळा. असे चौदा शब्द बाईंनी मोठ्या अक्षरांत लिहून दुर्बिणीच्या वर चिकटवले होते. चूक लिहिणाऱ्याच्या ओळीखाली लाल रेघ पडायची.

"बाई, सरळ 'आली' लिहिलं तर बोट बुडते का?" क्लेम म्हणायचा. पन्नाशीचा गडी, पूर्वी खेकडे धरायचा, त्याआधी बाईंच्याच वर्गात शेवटच्या बाकावर होता.

"बुडत नाही. पण बुडाली, तर ती कुठून आली होती हे न कळता तुलाच शोधायला जावं लागतं."

"तेव्हाही कान पिळायचात, आताही पिळताय."

पाळी बदलताना जाणारा माणूस दृष्टीत असलेलं सगळं मोठ्यानं सांगायचा, अंतरासकट. येणारा म्हणायचा, "घेतलं." तेवढं म्हटलं की ते त्याच्या जबाबदारीवर.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी बारा वाजता ब्रेंनी यादी सांगितली. "दोन मालवाहू, वायव्येला, चार मैल. एक शिडाची, परत चाललेली. तुमच्या जोरीची बोट, पिंजऱ्यांवर. खालच्या कातळावर एक माणूस, पाठमोरा, सातशे यार्ड."

"घेतलं," बाई म्हणाल्या आणि कोट खुंटीला लावला.

२

जोरी हा बाईंचा एकुलता एक मुलगा. तीस वर्षांचा, एकट्यानं बोट चालवणारा. नवरा गेल्यावर घरात दोघंच. त्याची बोट दिसत असली की बाईंचं चित्त ठिकाणावर असे, म्हणून तर दुपारची पाळी त्या कुणाला देत नसत. आधी त्यांनी बोट पाहिली. मग सहज दुर्बीण खाली वळवली.

कातळावरचा माणूस खरंच पाठमोरा होता. काळपट कोट, रुंद पाठ. त्याचा उजवा हात वर जात होता आणि खाली येत होता. पायाशी काहीतरी होतं, ते पाठीआड झाकलेलं. हात खाली आला की एक, दोन मोजावेत इतक्या वेळानं काचेवर आवाज यायचा. धप्प. ओला आवाज होता.

गळ टाकणारे लोक मोठा मासा सापडला की त्याच्या डोक्यात दांडका घालतात. बाईंनी चहा ओतला. अर्ध्या तासानं पाहिलं, तर हात वर जातच होता. तासानं पाहिलं, तरी तेच. वेग कमी नाही की जास्त नाही.

चारला क्लेम आला, त्यानं डोळा लावला आणि शीळ घातली. "खाटीक दिसतोय. केवढा मासा म्हणायचा हा?"

"हा कधी आला, क्लेम? मी याला येताना पाहिलं नाही. ब्रेंच्या पाळीतही तो आल्याची नोंद नाही."

"मग काल आला असेल."

"रात्रीच्या भरतीला तो कातळ पाण्याखाली होता."

क्लेमनं खांदे उडवले. पाळी त्याची होती आणि यादी ऐकायची होती. बाईंनी शेवटी तेही सांगितलं, कातळावर एक, पाठमोरा, आणि क्लेम म्हणाला, "घेतलं."

३

त्या रात्री जोरी जेवायला बसला. बाईंनी मटणाचा रस्सा वाढला, त्यानं पाव बुडवला आणि तसाच ठेवला.

"खालच्या घळीत सील पडलेत, आई. अकरा. डोकी फोडलेली सगळ्यांची. पिल्लंसुद्धा सोडली नाहीत. एकाचा जबडा दगडावर चिकटलेला होता, मी हातानं सोडवला." त्यानं ताटली लांब सरकवली. "तो कातळावरचा आहे ना, त्याचंच काम. माझे सहा पिंजरे तिथं अडकलेत. उद्या उतरतो आणि विचारतो त्याला."

"तू तिथं जाणार नाहीस."

"का? तुमच्या यादीत आहे म्हणजे माणूसच ना?"

बाईंनी ताटली पुन्हा त्याच्यापुढे सरकवली. त्या एवढंच म्हणाल्या की, तो तिथं आहे तोवर तू त्या कातळाला बोट लावायची नाहीस, आणि हे मी आयुष्यात दुसऱ्यांदा सांगणार नाही. आईचा हा आवाज जोरीला लहानपणापासून माहीत होता. "बरं," तो म्हणाला. "तो गेला की जाईन."

बुधवारी बाई नेहमीच्या वेळेआधी दोन तास खोलीवर गेल्या. ब्रेंना वाटलं, लाल रेघा मारायला आल्या. बाईंनी सोमवारची पानं काढली. सोमवारच्या तिन्ही याद्यांत होता. कातळावर एक, पाठमोरा. रविवारी होता. मागच्या आठवड्यात, मागच्या महिन्यात होता. कधी ब्रेंच्या अक्षरात, कधी क्लेमच्या कोंबडीच्या पायांत, आणि दर तिसऱ्या ओळीत बाईंच्या स्वतःच्या सुबक, तिरक्या अक्षरात.

त्यांनी कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या. गेल्या वर्षी होता. दहा वर्षांपूर्वी होता. सोळा वर्षांपूर्वीच्या पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर, पहिल्याच यादीत होता. 'बैल खडकावर एक, पाठमोरा, दीड मैल.' बैल खडक म्हणजे समुद्रातला दूरचा. ती यादी ब्रेंनी जुन्या सरकारी माणसाकडून घेतली होती. त्यानं कुणाकडून घेतली, हे सांगायला तो आता हयात नव्हता.

वेगवेगळे गळवाले असतील, बाईंनी स्वतःला बजावलं. खडकांवर माणसं बसायचीच. शेकडो बसली असतील. पण मग अंतराचा रकाना डोळ्यांपुढून हलेना. दीड मैल. पुढच्या वर्षी थोडं कमी. मग एक मैल. मग हजार यार्ड. एकदाही वाढलेलं नाही. आणि सोळा वर्षांच्या नोंदींत तो कसा आला याची एक ओळ नव्हती. उगवला नव्हता, डोकावला नव्हता, टपकलासुद्धा नव्हता. त्या खोलीत बसणारे तिघंही नवं काय येतंय ते पाहायला बसलेले. आधीपासून आहे त्याच्याकडे कोण बघतो?

"ब्रे, हा माणूस तुम्हाला आठवतो?"

ब्रेंनी चष्मा पुसला. "यादीत असतो खरा. सवय आहे हो, ट्रेम्बाथबाई. तुम्हीही घेताच की."

४

त्या दुपारी बाईंनी दुर्बिणीला डोळा लावला नाही. आवाज मात्र काचेवर येत राहिला. चार तास त्या जोरीच्या बोटीकडे नुसत्या डोळ्यांनी बघत बसल्या आणि मनाशी एक ठरवत गेल्या. आम्ही देतो, पुढचा घेतो, म्हणून तो आहे. दिलाच नाही तर? वेडेपणा होता हे त्यांना कळत होतं. पोरांनी असलं काही निबंधात लिहिलं असतं तर त्यांनी पानभर लाल रेघ ओढली असती.

चारला क्लेम आला. बाईंनी यादी सांगितली. एक मालवाहू, दोन शिडाच्या, जोरी घराकडे निघालेला. आणि तोंड मिटलं.

"तुमचा खाटीक?"

"गेला."

अठ्ठावीस वर्षांत शाळेत त्या खोटं बोलल्या नव्हत्या. क्लेम दुर्बिणीपाशी गेला, खाली वळवली, इकडून तिकडे फिरवली. "खरंच की. मोकळा आहे कातळ."

बाईंनी त्याला बाजूला सारून स्वतः पाहिलं. ओला काळा कातळ, त्यावर शेवाळ, आणि कुणी नाही. आवाजही थांबला होता. घरी जाताना त्यांनी जोरीसाठी केशराचे पाव घेतले. रात्री त्या गाढ झोपल्या. सकाळी उठून त्यांनी खिडक्या पुसल्या, आणि दोन वाक्यं जोरीला सांगायची राहून गेली. कातळ मोकळा आहे, पण तरीही जाऊ नकोस.

५

गुरुवारी अकरा वाजता जोरीनं रेडिओवर विचारलं, "पेनगार्थ, खालच्या कातळावर कोणी आहे का?" ब्रेंनी यादी पाहिली, कातळ पाहिला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "कोणी नाही. मोकळा आहे."

हे बाईंना बारा वाजता कळलं. ब्रे यादी सांगत होते. "तीन शिडाच्या. जोरीची बोट, खालच्या कातळाला बांधलेली. जोरी स्वतः कातळावर, पिंजऱ्याचा दोर सोडवतोय."

"घेतलं," बाईंच्या तोंडून सवयीनं गेलं. मग त्या दुर्बिणीवर झेपावल्या.

स्वच्छ ऊन होतं. पिवळा रबरी कोट घालून जोरी वाकला होता, दोर मनगटाला गुंडाळून ओढत होता. त्याच्या चारही बाजूंना उघडा कातळ. बाईंनी सगळा कातळ काचेत धरला आणि पापणी लववली नाही. पुढे त्यांनी हे पोलिसांना शपथेवर सांगितलं. पाण्यातून काही वर आलं नाही. खडकाआडून कोणी निघालं नाही. वरून उतरलं नाही. चौदांपैकी एकही गोष्ट घडली नाही. पण काळपट कोटाची ती रुंद पाठ तिथं होती, आणि तिच्या पलीकडे जोरीचं वाकलेलं डोकं.

बाईंनी रेडिओचं बटण दाबलं. "जोरी, समोर बघ. तुझ्या समोर."

जोरीनं मान वर केली. तो समोरच बघत होता, त्या पाठीतून आरपार, वर कड्यावरच्या खोलीकडे. खिशातल्या वॉकीटॉकीतून आईचा आवाज ऐकून तो हसला आणि मोकळा हात हलवला.

तो हात तसाच वर असताना त्या पाठमोऱ्याचा हात खाली आला. जोरी गुडघ्यावर बसला, कुणी नाव विचारल्यासारखा गोंधळून. मग काचेवर आवाज आला. दुसरा घाव बसला तेव्हा त्याची टोपी उडून पाण्यात पडली. तिसऱ्याला तो आडवा झाला आणि दोर मनगटात असल्यामुळे हात तेवढा वर राहिला. पुढचे घाव बाईंनी मोजले नाहीत. कातळाच्या खाचेतून लाल पाणी खाली फेसात उतरत होतं, आणि प्रत्येक वेळी आधी हात दिसायचा, मग आवाज. मध्ये तेवढाच वेळ, ज्यात आईला काही करता यायला हवं होतं.

ब्रे बचाव नौकेला बोलावत होते. त्यांना कातळावर पडलेला जोरी दिसत होता, बाकी काही दिसत नव्हतं. क्लेमचं घर कड्याच्या वाटेवर होतं. ब्रेंची रेडिओवरची हाक ऐकून तो दोरखंड आणि वॉकीटॉकी घेऊन धावत खाली उतरला.

६

सात मिनिटांनी क्लेम कातळावर पोचला तेव्हा तिथं बोट होती, पीळ पडलेला दोर होता, एक बूट होता आणि रक्त होतं. जोरी नव्हता. वॉकीटॉकीवर त्याचा आवाज फाटत होता. "लाटेनं नेला, बाई. इथं कोणी नाही."

बाई दुर्बिणीतून बघत होत्या. पाठ तिथंच होती आणि हात चालूच होता.

"क्लेम, मागे फीर. तुझ्या डाव्या हाताला, दोन पावलांवर आहे."

"काय आहे?"

"मागे फीर, बाळा." शाळेत त्यांनी त्याला कधी बाळा म्हटलं नव्हतं.

क्लेमनं डावीकडे पाहिलं. उघड्या कातळाकडे बघावं तसा बघत राहिला. आणि तेव्हा तो हात थांबला. पहिल्यांदाच थांबला. पाठ सावकाश सरळ झाली, वाटली होती त्यापेक्षा बरीच उंच, आणि खांदे वळायला लागले. कानाची कड दिसली. गालाची सुरुवात दिसली.

बाईंनी डोळा काढून घेतला. सोळा वर्षं बघायला बसलेली बाई, तिनं त्या एका क्षणी बघितलं नाही. नुसत्या डोळ्यांना लांबवर क्लेमचा ठिपका दिसत होता. तो एकाएकी बाजूला फेकला गेला आणि त्याची किंकाळी वॉकीटॉकीतून खोलीभर झाली. ब्रेंनी कानांवर हात ठेवले.

बाईंनी पुन्हा डोळा लावला तेव्हा क्लेम कातळाच्या कडेला पालथा पडला होता, उजवा खांदा भलत्याच जागी आलेला. मधोमध एक माणूस उभा होता, पाठमोरा. त्याचा उजवा हात वर चालला होता. अंगात पिवळा रबरी कोट होता.

७

कड्यावरून दरड आली, असा निकाल लागला. जोरीचं प्रेत मिळालं नाही. क्लेम वाचला, पण हात खांद्यापासून निकामी झाला. इस्पितळात बाई भेटायला गेल्या तेव्हा त्यानं तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाला, "बाई, मला विचारू नका. मला काहीच दिसलं नाही, हेच वाईट आहे."

पंधरा दिवसांनी बाई दुपारच्या पाळीवर हजर झाल्या. गावाला वाटलं, बाई खंबीर आहेत. क्लेमच्या जागी संध्याकाळीही ब्रेच यायला लागले होते. चार वाजता बाईंनी उभं राहून यादी सांगितली.

"एक मालवाहू, उत्तरेला, सहा मैल. मासेमारीच्या दोन, बंदराकडे. खालच्या कातळावर एक, पाठमोरा, पिवळा कोट. सहाशे नव्वद यार्ड."

ब्रेंनी लेखणी खाली ठेवली. दुर्बीण कातळावरून दोनदा फिरवली. "ट्रेम्बाथबाई, तिथं कोणी नाही हो."

"मला दिसतो."

"तुम्ही घरी जा. मी बहिणीला पाठवतो तुमच्या सोबतीला."

"ब्रे, एकदा मी त्याला यादीतून गाळला आणि माझा मुलगा गेला. आता तिथं जो आहे, तो मी गाळू का?" त्यांचा आवाज चढला नाही. "तुम्ही घ्या. दिसायची गरज नाही. इतकी वर्षं तरी कुठं बघत होतात?"

ब्रे सत्तरीचे, मऊ मनाचे. समोर उभ्या असलेल्या आईकडे त्यांना बघवेना. "घेतलं," ते म्हणाले आणि लिहायला वाकले. अंतर लिहून झालं तेव्हा त्यांचा हात थांबला. त्यांनी मान थोडी काचेकडे वळवली आणि ऐकत राहिले.

"हा आवाज कसला?" त्यांनी विचारलं.

बाईंनी कोटाची बटणं लावली आणि दार ओढून घेतलं.

कड्यावरून घराकडे जाताना त्यांनी हिशेब केला. सोळा वर्षांत दीड मैलावरचा सातशे यार्डांवर आला होता. याच वेगानं खोलीच्या दारापर्यंत यायला त्याला सहा वर्षं लागतील, फार तर थोडी कमी. तोवर एकही यादी चुकता कामा नये. येईल तेव्हा त्याचा हात वर असेल, हे त्यांना ठाऊक होतं. तो वळला की चेहरा कुणाचा असेल, ते मात्र ठाऊक नव्हतं, आणि ते बघायचं होतं. बाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. त्या दिवसापासून त्यांनी रक्तदाबाची गोळी एकदाही चुकवली नाही.